मदरशाची जमीन आणि सरकारी दप्तर

बेळगावचा किल्ला बहामनी वजीर महमूद गवान याने सर केला, तो 1472-73 च्या मोहिमेत. त्याच सुमारास बिदर शहरात त्याने बांधविलेल्या मदरशाची इमारत पुरी झाली. किल्ला हाती आल्यावर सुलतानाने बेळगाव व त्याच्या भोवतालचा मुलूख गवानाच्याच जहागिरीस जोडून दिला. म्हणजे किल्ला जिंकणारा, मुलखाचा वसूल घेणारा आणि विद्यालय उभारणारा पुरुष एकच होता. विद्यादानाचा खर्च जमिनीच्या उत्पन्नातून चालावा, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. देवळाची पाठशाळा असो, मठाचे अन्नछत्र असो की मशिदीचा मकतब असो, त्याच्या पाठीशी कोठे तरी नांगर चालत असे.

पुढे 1481 साली याच गवानाचा सुलतानाच्या आज्ञेवरून शिरच्छेद झाला. त्याचे कारण एक कागद. त्याच्या शत्रूंनी मोहोर सांभाळणाऱ्या नोकरास फितविले, कोऱ्या कागदावर गवानाची मोहोर उठवून घेतली आणि मागाहून वर राजद्रोहाचा मजकूर लिहिला. मोहोर खरी आणि मजकूर खोटा, असा तो कागद होता. सुलतानाने मोहोर ओळखली आणि मजकूर मानला. मदरशांच्या जमिनींची पुढील पाच शतकांची हकीगत पाहिली, म्हणजे या गोष्टीची पुनःपुन्हा आठवण होते. प्रत्येक नवी राजवट जुने कागद मागते, त्यांची नवी प्रत करविते आणि त्या प्रतीवर स्वतःची मोहोर उठविते. मोहोरेविषयी कधीच शंका नसते. प्रश्न असतो तो मजकुराचा.

मदरसा म्हटल्यावर बिदरसारखी रंगीत कौलांनी मढविलेली भव्य वास्तू डोळ्यांपुढे आणणे रास्त नव्हे. तसे मदरसे राजधानीच्या शहरांतच असत. विजापुरात मुहम्मद आदिलशहाच्या काळी आसार महालात आणि जामा मशिदीत विद्यार्थ्यांना शिकविण्याची व जेवणाची सोय होती, असे फारसी बखरी सांगतात. चिकोडी, निपाणी, हुक्केरी, संपगाव या बाजूच्या खेड्यांतून मात्र शिक्षण चालत आले ते मशिदीच्या ओसरीवर. गावचा मुल्ला, ज्याला इतरत्र मुलाणी म्हणतात, तो बारा बलुतेदारांच्या मेळ्यातला एक असामी. बकरे हलाल करणे, निकाहाच्या वेळी हजर राहणे, मशिदीत दिवा लावणे आणि पोरांना कुराणाचे पाठ देणे, ही सारी कामे त्याच्याकडेच. त्याबद्दल त्याला बलुते मिळे आणि बहुधा एखादा इनाम तुकडाही. आता हा तुकडा कोणाचा म्हणावा? मशिदीचा, शाळेचा की मुल्लाचा? गावाला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण गावाच्या लेखी तिन्ही एकच होती. तो पडला प्रथम कारकुनाला.

आदिलशाहीतील कारकून या बाबतीत फारसा काटेकोर नव्हता. फर्मानात, खुर्दखतात हेतू लिहिलेला असे: दिवाबत्तीसाठी, ऊद-गुलासाठी, फकिरांच्या अन्नासाठी, अमक्याच्या उदरनिर्वाहासाठी. ‘औलाद अफलाद’ चालवावे, दरसाल नव्या सनदेचा उजूर करू नये, असेही पुष्कळदा असे. कित्येक कागद दुभाषी असत. वर फारसी मजकूर आणि खाली तोच आशय मोडी मराठीत. पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळापासून महसुलाचे हिशेब देशी भाषेत लिहिले जाऊ लागले, त्यामुळे गावचा कुलकर्णी या व्यवहारात भागीदार झाला. पुढे मराठी राज्य आले, तरी ही इनामे सरसकट खालसा झाली नाहीत. सभासदाच्या बखरीत, मुलखातील देवदेवस्थानांप्रमाणेच पीर आणि मशिदी यांचीही दिवाबत्ती स्थान पाहून चालविल्याचे शिवाजी महाराजांविषयी नमूद आहे. राज्यकर्ता बदलला म्हणून दिव्याचे तेल बंद करावयाचे नाही, हा त्या काळचा संकेत होता. तो कोठे मोडला नाही असे नव्हे, पण मोडणे हा अपवाद गणला जाई.

सीमाभागाची आणखी एक अडचण आहे आणि ती इतर जिल्ह्यांत सहसा आढळत नाही. हा प्रदेश एकसंध कधीच नव्हता. आज बेळगाव शहराचाच भाग असलेले शहापूर सांगली संस्थानाचे होते. रायबाग कोल्हापूरचे होते. निपाणीवर सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर या निपाणकर देसायांचा अंमल होता आणि 1839 साली त्यांच्या मृत्यूनंतर ती जहागीर इंग्रजांकडे गेली. मिरज, कुरुंदवाड, जमखिंडी, रामदुर्ग यांची गावे मध्ये मध्ये विखुरलेली. दोन शेजारी गावांच्या मशिदींना एकाच पातशहाने जमीन दिलेली असली, तरी पुढच्या दोनशे वर्षांत त्यांचे कागद दोन निराळ्या दप्तरांत, दोन निराळ्या पद्धतींनी वाढत गेले. एकाची मोजणी बिघ्यात, दुसऱ्याची चावरात, तिसऱ्याची कूरगीत.

बेळगावचा किल्ला 1818 च्या एप्रिलात जनरल मन्रोने घेतला. नव्या सरकारपुढे पहिलाच सवाल आला, तो असा की सारा न देणारी एवढी जमीन कशी? दक्षिण मराठा मुलखात इनामांची चौकशी 1843 पासूनच सुरू झाली होती. 1852 च्या अकराव्या कायद्याने तिला पुरे दात फुटले. हेच ते प्रसिद्ध इनाम कमिशन. इनामदाराने आपला हक्क कागदाने सिद्ध करावा, नाही तर जमिनीवर पूर्ण सारा बसेल, असा त्याचा रोख. जमीनदाराच्या घरची दप्तरेही ताब्यात घेतली जाऊ लागली. सुमारे 35 हजार इनामदारांना कागद दाखविण्यास फर्माविले गेले आणि पहिल्या पाच वर्षांत त्यांपैकी तीनपंचमांश इनामे जप्त झाली, असा आकडा 1857 च्या उठावाचे इंग्रज इतिहासकारच देतात. यात ब्राह्मण होते, मराठे होते, लिंगायत जंगम होते, काझी आणि फकीरही होते. वाळवी लागलेली सनद, पुरात गेलेले दप्तर, लढाईत जळालेला वाडा, या गोष्टी कमिशनपुढे पुरावा म्हणून चालत नसत. ज्याचे छप्पर पक्के, त्याचा कागद शाबूत. ज्याचे छप्पर गवताचे, त्याचा हक्कही गवताचा ठरला.

या कमिशनचे नाव सीमाभागात किती कडू झाले होते, हे एका घटनेवरून ध्यानात येईल. चार्ल्स मॅन्सन हा अधिकारी इनाम कमिशनच्या कामात पुढे होता आणि त्यानंतर तो दक्षिण मराठा मुलखाचा पोलिटिकल एजंट झाला. 29 मे 1858 च्या रात्री सुरेबान येथे मुक्कामावर असता नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे ऊर्फ बाबासाहेब यांनी त्याच्यावर छापा घातला आणि त्याचे मस्तक नरगुंदच्या वेशीवर टांगले. बाबासाहेबांना दत्तक नाकारण्यात आला होता, त्यांच्या तोफा काढून घेतल्या होत्या. कारणे एकाहून अधिक होती. तरी कमिशनचा माणूस म्हणून मॅन्सनविषयी असलेला राग त्यात होताच. 12 जून 1858 रोजी बाबासाहेबांना बेळगावात फाशी देण्यात आले. नोंदवहीतील एका रकान्यापायी माणसे मारण्या-मरण्यास सिद्ध होतात, हे ज्यांना नवल वाटते त्यांनी जमिनीशिवाय दुसरी मिळकत नसलेले घर पाहिलेले नसते.

पण कमिशनच्या कायद्यात एक कलम असे होते की, त्याची दखल घेतली नाही तर अन्याय होईल. मशिदी, देवळे व तत्सम कायमच्या संस्थांच्या योगक्षेमासाठी असलेल्या जमिनी कायम चालवाव्यात, मूळ सनदेत ‘कायम’ हा शब्द नसला तरी हरकत नाही, असा तो नियम होता. व्यक्तीच्या इनामाला मात्र साठ वर्षांचा भोगवटा, मूळ पुरुषापासूनची वंशावळ, अशा अटी होत्या. वाचणाऱ्याच्या लक्षात आलेच असेल की, सगळे मर्म येथे आहे. तोच पाच-दहा एकरांचा तुकडा ‘मशिदीकडे’ लिहिला तर चिरंतन, ‘मुल्लाकडे’ लिहिला तर त्याच्या वंशापुरता, आणि ‘मुल्लाच्या चाकरीबद्दल’ लिहिला तर चाकरी चालेल तोवर. लिहिणारा कोण, तर दौऱ्यावर आलेला कारकून. सांगणारा कोण, तर गावचा कुलकर्णी किंवा स्वतः मुल्ला, ज्याला या तीन शब्दांतला कायदेशीर भेद कोणी समजावून दिलेला नसे. आणि शाळेचे काय? नोंदवहीत देवस्थान होते, जात इनाम होते, सरंजाम होते, वतन होते. मदरसा या नावाचा वर्ग नव्हता. ओसरीवर बसणारी पोरे कोणत्याच रकान्यात बसली नाहीत.

काझीची गत आणखी चमत्कारिक झाली. पूर्वी तो न्यायाधीश होता, दस्तऐवजावर मोहोर करणारा होता आणि कसब्याच्या गावी शिक्षणाची जबाबदारीही त्याच्याकडे असे. 1864 च्या कायद्याने सरकारने काझी नेमण्याचे सोडून दिले आणि 1880 साली वेगळ्या कायद्याने ती नेमणूक मर्यादित स्वरूपात पुन्हा सुरू केली. मधल्या काळात पदच नाही म्हटल्यावर पदाची जमीन कोणाची? घराण्याने ती आपली मानली. लोकांनीही मानू दिली. ‘काझी’ हे पदाचे नाव होते, ते आडनाव झाले. ‘मुल्ला’ हेही तसेच आडनाव झाले. आज सीमाभागात या आडनावांची शेकडो घरे आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा मशिदीच्या कारभाराशी काडीचा संबंध नाही. जुन्या नोंदीत जेथे ‘काझी’ हा शब्द आहे, तेथे तो माणूस समजावा की हुद्दा, हे केवळ त्या ओळीवरून सांगता येत नाही.

1863 साली मुंबई सरकारने आणखी एक पाऊल टाकले. त्या सालच्या दुसऱ्या कायद्याने इनामदारास ठरावीक जुडी व नजराणा कबूल करून चौकशीतून मोकळे होण्याची सवलत मिळाली. ज्या घराने ती घेतली, त्याची जमीन विकता-देता येण्याजोगी खासगी मिळकत झाली. उलट धर्मादाय संस्थेच्या नावे असलेली जमीन विक्री, बक्षीस, मृत्युपत्र कशानेही संस्थेबाहेर जाऊ शकणार नाही, असे त्याच कायद्याने बजावले. हेतू चांगलाच होता. परंतु कोणती जमीन संस्थेची, हे आधीच्या कारकुनाने ठरवून टाकले होते.

नोंद बिनचूक असली म्हणजे न्याय झाला, अशीही एक समजूत असते. ती कितपत खरी, हे पाहण्यास बेळगावाहून चोर्ला घाट उतरून गोव्यात जावे. 1541 साली तिसवाडी बेटावरील देवळे पाडल्यानंतर त्यांच्याकडील जमिनींचे उत्पन्न पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांकडे आणि सांता फे या नव्या विद्यालयाकडे वळविले. हेच विद्यालय पुढे सेंट पॉल कॉलेज म्हणून आशियाभर गाजले. गावच्या गावकारांना बोलावून, त्यांच्या तोंडून जमिनी वदवून घेऊन, त्यांची संमती लेखात घालून हे झाले. त्यानंतर ‘तोंबो’ नावाच्या नोंदवह्या तयार झाल्या. फ्रान्सिश्कु पाइश याने 1595 मध्ये केलेली तर फार काळजीपूर्वक केलेली गणली जाते. शेत, बांध, माड, उत्पन्न, सारे जागच्या जागी. अभ्यासकाला त्या वह्या म्हणजे सोन्याची खाण आहे. परंतु ज्या संमतीवर त्या उभ्या आहेत, ती कोणत्या दडपणाखाली दिली गेली, हे विद्यालयाच्या थोरवीने झाकत नाही. त्या विद्यालयाविषयी अभिमान बाळगणाऱ्या ख्रिस्ती माणसाने तर ते आधी कबूल करावे. जमीन कोणत्या धर्माच्या शाळेला मिळाली, यावर त्या देण्याचा रास्तपणा ठरत नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण निपाणीहून हाकेच्या अंतरावर, कोल्हापुरात सापडते. शाहू छत्रपतींनी 1906 साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करविली, स्वतः तिचे अध्यक्षपद घेतले आणि मुस्लिम बोर्डिंगला जागा दिली. संस्थानातील काही मुस्लिम धर्मस्थानांच्या उत्पन्नाची व्यवस्थाही त्यांनी या सोसायटीकडे सोपविली. धर्मस्थानाचे उत्पन्न शिक्षणाकडे जावे, हा जुन्या सनदांतला गर्भित हेतू येथे दरबारी हुकुमाच्या शब्दांत उमटला. ओसरीवरच्या पोरांना प्रथमच एक रकाना मिळाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर कायदे भराभर आले. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता, म्हणून 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली तेथील वक्फांना धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत नोंदणी करावी लागली. 1952 च्या कायद्याने वैयक्तिक इनामे नाहीशी झाली, देवस्थान इनामांना सूट मिळाली, आणि देवस्थान कोणते हे ठरविण्यासाठी पुन्हा तीच जुनी इनाम नोंदवही उघडण्यात आली. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाचा शब्द पुन्हा एकदा निर्णायक ठरला. 1954 साली केंद्राचा वक्फ कायदा झाला. त्यात वक्फांची पाहणी करून यादी राजपत्रात छापावयाची होती. ती होण्यापूर्वीच 1 नोव्हेंबर 1956 रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. दप्तराची भाषा बदलली, वरिष्ठ कचेरी पुण्या-मुंबईहून बंगळुरास गेली. आणि 1 मार्च 1974 पासून लागू झालेल्या भूमिसुधारणेने कुळांनी कसलेली जमीन सरकारजमा होऊन कुळांना मिळू लागली. त्यात धर्मसंस्थांच्या जमिनीही गेल्या. शेजारच्या विजापूर जिल्ह्याचे आकडे कर्नाटक सरकारच्या वतीने 2024 साली देण्यात आले, ते पाहावेत. वक्फ म्हणून एकेकाळी दाखल झालेल्या सुमारे 14,200 एकरांपैकी 11,800 एकरांवर जमीन एकट्या भूमिसुधारणा कायद्याने कुळांकडे गेली होती, आणि आणखी सुमारे 1,450 एकर इनाम-निर्मूलनात. यात कुळाचा दोष नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याने घाम गाळला होता आणि कायद्याने त्याला मालक केले. मात्र वक्फाच्या यादीत जुना आकडा तसाच राहिला आणि महसुलाच्या उताऱ्यात नवा मालक आला. एकाच सरकारच्या दोन कचेऱ्यांत एकाच शेताचे दोन धनी, ही स्थिती पन्नास वर्षे कोणाच्या डोळ्यांत खुपली नाही, कारण दोन्ही वह्या एका टेबलावर कधी आल्याच नाहीत.

त्या आल्या संगणकामुळे. कर्नाटकाची ‘भूमी’ योजना 2000-01 च्या सुमारास राज्यभर झाली. 67 लाख खातेदारांचे सुमारे 2 कोटी उतारे संगणकात भरण्यात आले आणि हाताने लिहिलेला उतारा बाद ठरला. तलाठ्याच्या दारात आठ-आठ दिवस बसणाऱ्या शेतकऱ्याला तालुक्याच्या खिडकीवर चार पैशांत उतारा मिळू लागला, हे उपकार लहान नव्हेत. निपाणीच्या तंबाखू पिकविणाऱ्याने त्याबद्दल योजनेला दुवा दिला तर तो योग्यच आहे. परंतु संगणकात काय भरले गेले? त्या दिवशीची शेवटची नोंद. तिच्या मागचे फेरफार, इनामपत्रके, सनदांच्या नकला तालुक्याच्या दप्तरखान्यात गाठोड्यांतच राहिल्या. त्या जुन्या कागदांची छायाचित्रे घेण्याचे काम ‘भू सुरक्षा’ या नावाने 2024 पासून सुरू झाले. म्हणजे निकाल आधी छापला आणि पुरावा वीस-बावीस वर्षांनी जोडावयास घेतला. हा क्रम उलटा असता, तर पुढील पुष्कळ मनस्ताप वाचला असता.

उताऱ्याच्या नवव्या रकान्यात मालकाचे नाव असते आणि अकराव्यात हक्क व बोजा. ‘अमुक मशिदीचा मुतवल्ली या नात्याने’ असे लिहिण्याची जागा नावाच्या रकान्यात मुद्दाम ठेवलेली नाही. जुन्या वहीत कुलकर्णी समासात चार शब्द खरडून ठेवी. भरणी करणाऱ्या मुलाला समास नव्हता. त्यात लिपीची भर. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही, वेलांट्या ओळीत मिसळून जातात. मोडीतून बाळबोधीत, बाळबोधीतून कानडीत, अशी नावाने दोनदा कूस बदलली की ते मूळ रूपात राहील याचा भरवसा कोणी द्यावा? दर्गा आणि दुर्गा यांत अंतर एका उकाराचे आहे. अक्षरे जुळविणाऱ्याच्या मनात खोट नसली तरी घोटाळा होतोच, आणि मग खोट होती की काय असा संशय दोन्ही बाजूंना येतो. सीमाभागातील मराठी शेतकरी आपल्याला उतारा आपल्या भाषेत मिळावा अशी मागणी वर्षानुवर्षे करीत आला आहे. ती राजकारणाची म्हणून बाजूला सारली जाते. वस्तुतः आपल्या नावावर काय लिहिले आहे हे वाचता येणे, ही नोंदीच्या शुद्धतेची पहिली पायरी आहे. उर्दू वाचणाऱ्या मौलवीची अडचण त्याहून वेगळी नाही.

एका कंसाने काय होऊ शकते, ते 2024 च्या ऑक्टोबरात सर्वांनी पाहिले. विजापूर जिल्ह्यातील होनवाड गावच्या शेतकऱ्यांत, आपली सुमारे 1,200 एकर जमीन वक्फाची ठरणार, अशी घबराट उडाली. चौकशीत निघाले ते असे. वक्फाची ती मोठी मिळकत विजापूर शहरालगतच्या महालबागायत भागातली होती. 1974 च्या राजपत्रात त्या नावापुढे चुकून कंसात ‘होनवाड’ हा शब्द पडला. 1977 साली ती चूक दुरुस्तही झाली होती. होनवाडात वक्फाची म्हणून खरी जमीन अकरा एकरांच्या आसपास, तीही कबरस्तान आणि ईदगाह-मशिदीची. पण दुरुस्तीचा कागद मागे राहिला आणि चुकीचा कागद पुढे गेला. इतर काही जिल्ह्यांतूनही नोटिशींच्या, अकराव्या रकान्यातील नोंदींच्या तक्रारी आल्या आणि नोव्हेंबर 2024 मध्ये राज्य सरकारने शेतकऱ्यांना दिलेल्या नोटिसा मागे घेण्याचे, केलेले फेरफार रद्द करण्याचे आदेश काढले. शेतकऱ्याचा धसका खरा होता. आणि त्या गदारोळात एका गोष्टीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. सरसकट लिहिणे जितके अन्यायाचे, तितकेच सरसकट पुसणेही. ज्या थोड्या तुकड्यांचे कागद निर्दोष होते, ज्यांच्या उत्पन्नावर एखाद्या गावचा मकतब आणि त्यातील गरीब मुलांचे जेवण चालू असेल, त्यांचीही नोंद संशयात गेली. कुळाच्या हक्काचा निवाडा आणि संस्थेच्या हक्काचा निवाडा, दोन्ही गट नंबरवार, कागद पाहूनच व्हावयास हवे होते.

त्यानंतर 2025 चा वक्फ सुधारणा कायदा आला. 6 जून 2025 रोजी ‘उम्मीद’ नावाचे केंद्रीय पोर्टल उघडले आणि देशातील प्रत्येक वक्फ मिळकतीचा तपशील त्यावर सहा महिन्यांत चढवावा असे ठरले. मुतवल्लीने भरावे, मंडळाने तपासावे, अधिकाऱ्याने मंजूर करावे, अशी तीन टप्प्यांची रचना. गैरव्यवहार करणाऱ्या मुतवल्लींना यामुळे चाप बसेल, ही अपेक्षा वावगी नाही. वक्फाच्या जमिनी स्वतःच्याच माणसांनी लाटल्याची उदाहरणे समाजाला पुरेपूर ठाऊक आहेत आणि त्यात सर्वांत आधी नागविली जातात ती त्याच समाजातील शिकणारी मुले. प्रश्न मुदतीचा होता. 1 डिसेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ देण्यास नकार दिला आणि ज्यांना अडचण आहे त्यांनी वक्फ न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा असे सांगितले. खिडकी मिटली तेव्हा 5 लाख 17 हजारांवर मिळकतींची भरणी सुरू झालेली होती आणि मंजूर झालेल्या होत्या सुमारे 2 लाख 16 हजार. शहरातील मोठ्या संस्थांना वकील होते, संगणक जाणणारी मुले होती. इनाम कमिशनच्या काळी पक्के छप्पर ज्याचे, त्याचा कागद टिकला. आता ज्याच्याकडे जाणता मदतनीस, त्याची नोंद वेळेत चढली.

सनद हरविलेल्यांची बाजू याहून अवघड आहे. दीर्घ वहिवाटीने झालेला वक्फ हा प्रकार नव्या कायद्याने पुढील काळापुरता बंद केला. पूर्वी नोंदलेल्या अशा मिळकती वाद नसल्यास आणि सरकारी जमीन नसल्यास टिकतील. 15 सप्टेंबर 2025 च्या अंतरिम आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने, चौकशी सुरू होताच नोंद बदलण्याची जी तरतूद होती तीही रोखून धरली. पण ‘पूर्वी नोंदलेली’ म्हणजे कोणत्या वहीत? 1950 च्या धर्मादाय आयुक्तांच्या की 1970 च्या दशकातील राजपत्राच्या? दोन्हींत असल्या तर दोन्हींतील क्षेत्र एक आहे का?

रायबाग तालुक्यातील एखाद्या मशिदीच्या पंचांनी हा शोध घ्यावयाचे मनावर घेतले, तर त्यांचा रस्ता असा जातो. गाव 1949 च्या विलीनीकरणापूर्वी कोल्हापूर संस्थानात, म्हणून जुने दप्तर पाहण्यास राज्याची सीमा ओलांडून कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जावयाचे. तेथे मोडी वाचणारा गाठावयाचा, कारण नक्कल मिळाली तरी ती पंचांपैकी कोणाला वाचता येत नाही. मोडीचे देवनागरी करून घ्यावयाचे, देवनागरीचे कानडी, आणि चावर-बिघ्यांचे एकर-गुंठे. त्यानंतर तालुक्याच्या खिडकीवर आजचा उतारा काढून दोन्ही कागद शेजारी ठेवावयाचे आणि जुन्या ओळीतील ‘मुल्ला’ हा शब्द माणूस की हुद्दा, हे न्यायाधिकरणापुढे शाबीत करावयाचे. त्याच उताऱ्यावर नाव असलेला त्याच आडनावाचा शेतकरी तेथे समोरच्या बाकावर बसलेला असतो. त्याच्याही हातात एक कागद असतो.